तळावलीच्या चर्चचा गिलावा

तिसवाडीतील तळावली या खेड्यातील सांत आनाचे चर्च १६८१ ते १६९५ या काळात उभे राहिले. दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांचे पाचमजली मनोरे पाहून ही युरोपीय बारोक शैलीची ग्रामीण नक्कल होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाला होतो. हा निष्कर्ष बांधकामाच्या द्रव्याचा विचार करीत नाही. गोव्याचा जांभा सच्छिद्र व खरबरीत असतो. त्यात नाजूक कोरीव काम साधत नाही. म्हणून येथील कारागिरांनी कंगोरे व नक्षी चुन्याच्या गिलाव्यात घडविली. तोच गिलावा पावसाळ्यात भिंतीचे रक्षण करतो. अलंकार आणि संरक्षण यांची ही एकरूपता हाच या वास्तूचा स्वतंत्र गुण मानावा लागतो.

त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण जवळच आहे. जुने गोवे येथील बाँ जेझूच्या बासिलिकेचा बाह्य गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून झिजत आहे. उघडा दगड अधिक अस्सल, ही रसिकांची समजूत तेथे वास्तूलाच बाधक ठरली. तळावलीचे मूल्यमापन करताना चुन्याचा तो पांढरा थर वास्तुरचनेचाच भाग म्हणून वाचला पाहिजे.