आठ ओळींची समीक्षा

साहित्यावर माझं मत आजवर कुणी विचारलेलं नाही. ३५ वर्षं कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिणाऱ्याला कोण विचारणार? पण गेल्या महिन्यात एक नवाच वाङ्मयप्रकार माझ्यापुढे समीक्षेसाठी आला. आणला माझ्या पुतण्यानं. एकूण ८ कृती, प्रत्येकी एक ओळ. चारोळीवाले परवडले!

पुतण्या संगणकात आहे. त्यानं आमच्या सोसायटीसाठी एक 'एजंट' तयार केला. एजंट म्हटलं की मी सवयीनं 'आमची पॉलिसी आहे' म्हणून दार लोटतो; पण हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. सचिवांनी साध्या मराठीत काम सांगायचं, यानं ते करायचं. त्यासाठी त्याला ८ 'टूल्स' दिली होती. बिल करायचं एक, नोटीस धाडायचं एक, वगैरे. गंमत अशी, की टूलच्या पोटात काय चालतं ते या एजंटाला दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि भरायचे रकाने. तेवढं वाचून कोणतं टूल उचलायचं ते त्यानं ठरवायचं.

एका टूलचं वर्णन होतं, 'बिल काढते'. म्हणजे बिल तयार करते. दुसऱ्याचं होतं, 'नाव काढते'. म्हणजे सभासदाचं नाव यादीतून उडवते! नाव शोधून देणारं टूलही होतं. पण त्याच्या कपाळावर नुसतं 'माहिती देते' एवढंच.

एके दिवशी सचिवांनी लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं नाव यादीतून काढून द्या.' त्यांना दाखल्यासाठी आजींचं पूर्ण नाव हवं होतं. एजंटानं वर्णनं वाचली, शब्द जुळले, आणि त्यानं नाव काढलं.

वार्षिक सभेची नोटीस सगळ्यांना गेली, आजींना नाही. शेअर सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या सचिवांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे गेल्यावर माझं नाव लावलं होतंत ना हो? मग आता मला काढलंत का?" सचिवांनी पुतण्याकडे बोट दाखवलं. पुतण्यानं एजंटाकडे. एजंटानं नम्रपणे क्षमा मागितली; दाखवायला त्याच्याकडे बोटच नव्हतं.

नाव त्याच दिवशी पुन्हा लागलं. पण आजींचा चेहरा मी पाहिला होता. म्हणून आठही ओळी चष्मा पुसून वाचल्या.

लेखकाचा दोष एकच. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी त्यानं लिहिलं होतं, म्हणजे स्वतःसाठी. 'तारीख द्या.' आता ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? 'सभासद द्या.' नाव द्यायचं की सदनिका क्रमांक? आमच्याकडे एकाच आडनावाची चार बिऱ्हाडं आहेत. आणि काम फसलं की उत्तर, 'त्रुटी आढळली.' काय चुकलं, आता काय करावं, याचा पत्ता नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून मी जरा चपापलो. ते माझंच! कितीतरी अर्जांवर मी ते लिहिलं आहे. पण माझा अर्जदार निदान खिडकीशी येऊन "साहेब, म्हणजे नेमकं काय?" असं विचारायचा. हा एजंट बऱ्याचदा विचारत नाही. अंदाज बांधतो आणि काम करून मोकळा होतो.

मग मी मसुदा घेतला. दोन पानं झाली. पुतण्या म्हणाला, "काका, कुठलंही काम करताना एजंटापुढे सगळ्या टूलांची वर्णनं असतात. सगळीच दोन-दोन पानांची झाली तर खर्च वाढेल आणि त्याचाही गोंधळ होईल." समीक्षकाची समीक्षा झाली. छाटून उरलं ते असं :

'सभासदाचं नाव यादीतून कायमचं वगळतं. नाव नुसतं शोधायचं किंवा पाहायचं असेल तर हे वापरू नये. त्यासाठी "सभासद-शोध" वापरावं. सदनिका क्रमांक बी-३०२ असा द्यावा. वगळण्यापूर्वी सचिवांना विचारावं.'

"आता चुकणार नाही ना?" मी विचारलं. पुतण्या म्हणाला, वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची टूलं जोडायची पद्धत आहे. तिच्यात टूलवर 'हे फक्त वाचतं', 'हे नुकसान करू शकतं' अशा चिठ्ठ्या लावायचीही सोय आहे. पण चिठ्ठी ती चिठ्ठीच. म्हणून त्यानं प्रोग्रॅममध्येच अडसर घातला. सचिवांनी होकाराचं बटण दाबल्याशिवाय नाव हलणार नाही.

नवा मसुदा आम्ही आजींना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, "सचिवांना विचारणार. आणि जिचं नाव जायचं तिला?"

आम्ही काका-पुतणे गप्प. एक वाक्य वाढलं : 'त्या सभासदालाही आधी कळवावं.' त्यासाठी प्रोग्रॅमही बदलावा लागला.

आजी खूश झाल्या. जाताना पुतण्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हुशार आहेस. नाव काढशील हो!"

पुतण्या केवढ्यानं तरी दचकला.