‘गुलामगिरी’ची इंग्रजी पानं

परवा पनवेलच्या एका बैठकीत एक मित्र तावातावानं बोलला, इंग्रजी आपली आई आहे. त्याच्या आधीचा वक्ता म्हणाला होता, इंग्रजी भांडवलदारांची बटीक. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला वाटलं, ह्या दोघांनी जोतीरावांची ‘गुलामगिरी’ नीट उघडून बघितलेली नाही.

पुस्तक १८७३ सालचं. अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, कारण त्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं. प्रस्तावना इंग्रजीतही आहे. आणि आतलं पुस्तक? ते मराठीत, धोंडीबा आणि जोतीराव यांच्या बोलण्यातनं पुढं सरकणारं. धोंडीबा शंका काढतो, अडतो, पुन्हा विचारतो. इंग्रजी पानांत धोंडीबा नाही. तिथं सरकारला आणि दूरच्या जगाला आपली कैफियत सांगायची होती. पुण्यातल्या भटशाहीच्या डोक्यावरनं आवाज पलीकडं न्यायचा तर ती भाषा पाहिजेच होती. पण धोंडीबाला शहाणं करायचं तर इंग्रजी काय कामाची?

सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’त (१८५४) इंग्रजीला माउली म्हटलं, हे आमचे मित्र नेहमी सांगतात. बरोबर आहे. फक्त ती कविता मराठीत आहे, एवढं सांगायचं राहतं.

बाबासाहेबांचं बघा. ‘मूकनायक’ १९२०, ‘बहिष्कृत भारत’ १९२७, दोन्ही मराठी. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ इंग्रजी. २० मार्च १९२७ ला आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्यावर लोक गेले, ते मराठी ऐकून. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं ते इंग्रजीत. मंडळानं परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते पदरच्या पैशानं छापलं. मग गांधींना ‘हरिजन’मधनं त्याच्यावर लिहावं लागलं. मराठीत असतं तर लाहोरला कुणी वाचलं असतं? १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या निग्रो चळवळीचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र धाडलं, तेही इंग्रजीत. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेला ७३ वर्षं झाली होती. आणखी २६ वर्षांनी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नाव आलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. इंग्रजी जगभर पसरली ती इंग्रजांच्या तोफांनी आणि नंतर अमेरिकेच्या डॉलरनं, हे खरंच. पण त्याच वाटेनं आपला निरोपही गेला-आला.

म्हणून उत्तर प्रदेशात बांका गावी २०१० ला इंग्रजी देवीच्या देवळाचा पाया घातला, हे मला पटत नाही. मागची भावना कळते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी पुन्हा देवी कशाला बसवायची?

बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ चं, इंग्रजीत पुस्तक झालं २०१८ ला. ‘बलुतं’ १९७८ चं, इंग्रजीत आलं २०१५ ला. झालं ते चांगलं झालं, तमिळनाडूतला कार्यकर्ता वाचील. मात्र हल्ली काही कवी लिहितानाच अनुवादक डोळ्यांपुढं ठेवतात. वस्तीतली शिवी गाळतात, ‘येसकर’ लिहायचा तिथं ‘गुलाम’ लिहितात. धोंडीबाला बाहेर काढून नुसती प्रस्तावना लिहायचा हा प्रकार आहे.

आणि धोंडीबाची गरज आजही आहे. आमच्या खात्यात ठेकेदारानं कामाचा करार दिला, चार पानं, सगळी इंग्रजी. खाली आमच्या सह्या मराठीत. माझा भाचा इंग्रजी शाळेत नववीला. त्याला म्हटलं, वाच. पोरानं खडाखडा वाचला. अर्थ विचारला तर म्हणाला, “मामा, हे आमाला नव्हतं.” मग दोघं डिक्शनरी घेऊन बसलो. ‘टर्मिनेशन’ म्हणजे कामावरनं काढणं, हे त्यानं वहीत लिहून घेतलं. पहाटेच्या पाळीपर्यंत अडीच कलमं झाली.