पेर्ते व्हा

वैशाख सरत येतो, जमीन तापून भेगाळते, बैलही सावली सोडायला राजी नसतो, आणि अशा एखाद्या दुपारी बांधावरच्या आंब्याच्या गर्द पानांतून हाक येते, ‘पेर्ते व्हा!’ पावसाच्या लोकखुणा आपल्याकडे पुष्कळ; कावळ्याचे घरटे, टिटवीची अंडी, चंद्राभोवतीचे खळे. त्या डोळ्यांनी वाचायच्या. पावशा या पाखराची खूण मात्र कानाने वाचायची, म्हणून ती मला सर्वांत जिवाभावाची वाटते.

आपण ती सावकाश ऐकू या. सूर तीनच, त्यांतला मधला सर्वांत उंच आणि सर्वांत लांब. लोककानाने ‘पेरते’मधला र अर्धा केला, ‘ते’वर सारा भार टाकला, आणि शब्द सुरावर असा चपखल बसला की पाखरू जन्मापासून मराठीच बोलत असावे. पाच-सहा आवर्तने, प्रत्येक आधीच्याहून चढी. टिपेला पोचताच एकाएकी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता अर्थ. ‘पेरा’ म्हटले असते तरी भागले असते. पण ‘पेर्ते व्हा’ म्हणजे पेरणारे व्हा! लग्नकार्यांत, जत्रांत उन्हाळाभर पांगलेल्या कुणब्याला ही हाक त्याचे कुणबीपण परत देते. हाच सूर हिंदी मुलखाने ‘पी कहाँ’ असा ऐकला आणि त्यात विरह भरला. इंग्रजांना त्यात मेंदूच्या तापाचे नाव ऐकू आले, ‘ब्रेन-फीवर’. आपल्या माणसाला ऐकू आली तिफण.

पावशा खरे तर जोडीदारणीला साद घालत असतो. शिक्र्यासारखा दिसणारा हा कोकिळेचा भाऊबंद. मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यांत, आणि पावसाने पाला फुटला की पावशाच्या आवडीच्या सुरवंटांचीही चंगळ होते. पाखराचा विणीचा हंगाम आणि माणसाचा पेरणीचा हंगाम एकाच ढगाकडे डोळे लावून असतात, हे ज्याने प्रथम ओळखले त्या अनाम शेतकऱ्याच्या कानाला माझा नमस्कार. तो उतावळाही नव्हता. हाक आली की बी निवडायचे, चाडे-फण नीट करायचे. चाड्यावर मूठ धरायची ती वाफसा आल्यावरच. कृषी विभागही आज ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असेच सांगतो.

येत्या वैशाखात एखाद्या पहाटे आमराईकडे कान द्या, आणि हाक टिपेला पोचेपर्यंत तिथून हलू नका.