चांदी उजळली, नावे पुसली

आपल्या जुन्या प्रार्थनालयांतील चांदीच्या वस्तूंच्या छायाचित्रांचे एक पुस्तक नुकतेच आमच्या हाती आले. कागद उत्तम, छपाई देखणी. धुळीचे ठिपके संगणकावर पुसले आहेत, ते योग्यच. चकचकीत धातूवर कणही डोळ्यांत खुपतो. (आधी मऊ फडके फिरवले असते तर निम्मे काम वाचले असते!) पण हात तेथे थांबला नाही. रिमोनीमच्या घुंगरांवरचे पोचे गेले, किद्दुशच्या प्याल्याची झिजलेली कड नवी झाली. कोरीव अक्षरांत हवेतील गंधकाने धरलेला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. त्यामुळेच तर प्याला कोणी, कोणाच्या स्मरणार्थ दिला ते वाचता येते. तोही उडवला. आम्ही भिंग लावून पाहिले, नुसती गुळगुळीत चांदी! मूळ छायाचित्रे जपली असतील, तर पुढील आवृत्तीत तीच छापावीत.