‘उदय’ आणि सत्ता : ‘झाँसी की रानी’चे एक वाचन

वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९४६) या कादंबरीच्या भागांना ‘उषा के पूर्व’, ‘उदय’, ‘मध्याह्न’ आणि ‘अस्त’ अशी शीर्षके आहेत. ती केवळ अलंकरण म्हणून आलेली नाहीत. राणीच्या सत्ताप्राप्तीचा अर्थ कसा लावावा, याची सूचना ती वाचकाला आधीच देऊन ठेवतात. सूर्याला उगवण्यासाठी कोणाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत, अर्ज लिहावे लागत नाहीत, की पेचात सापडून दोन्ही बाजूंना शब्द द्यावा लागत नाही. सत्तेकडे जाणाऱ्या एका तरुण विधवेच्या वाटचालीला असे निसर्गचक्राचे रूप दिले, की त्या वाटचालीतील राजकारण संहितेबाहेर जाते. या कादंबरीविषयीचा आदर कायम ठेवूनच हा आक्षेप मांडावयाचा आहे.

रूपकाचे मूळ कादंबरीच्या प्रास्ताविकात सापडते. वर्मांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढले होते आणि घरातील वृद्ध स्त्रीकडून त्यांनी तिच्या कथा ऐकल्या होत्या. पुढे द. ब. पारसनीस यांचे चरित्र (१८९४) त्यांच्या वाचनात आले. राणी इंग्रजांच्या वतीने झाशीचा कारभार पाहत होती, हे त्यातील प्रतिपादन त्यांना खटकले. राणी स्वराज्यासाठी लढली की परिस्थितीने तिला लढावयास भाग पाडले, असा प्रश्न ते उपस्थित करतात आणि पहिल्या पर्यायाच्या बाजूने सारी कादंबरी उभी करतात. १९४६च्या सुमारास प्रश्न असाच पडावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु या मांडणीत तिसरी शक्यता उरत नाही : लढणे भाग पडता पडता स्वराज्याचा अर्थ उमगत जाणे. हत्तीवर बसू न दिलेली बिठूरची मनू आपल्या नशिबी दहा हत्ती आहेत असे वडिलांना सुनावते, तेव्हाच राणी पूर्ण झालेली असते. पुढील पानांत ती घडत नाही, केवळ प्रकट होते.

इतिहासातील मार्ग याहून कितीतरी अधिक गुंतागुंतीचा आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तकविधानाच्या दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांचे निधन झाले. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले आणि जॉन लँग या वकिलाला बोलावून कायदेशीर खटपट करण्यात आली. मग जून १८५७ : शिपायांचा उठाव, ८ तारखेची जोखनबागेतील कत्तल, आणि राणीकडून पैसा उकळून शिपायांचे दिल्लीकडे प्रयाण. १२ आणि १४ जूनला राणी कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठविते. २ जुलैच्या उत्तरात ते तिला इंग्रजांच्या वतीने कारभार पाहावयास सांगतात. शिपाई निघून गेले होते आणि सरकार पोहोचू शकत नव्हते. त्या मधल्या फटीतून सत्ता तिच्या हाती आली. पत्रांतील निष्ठेचे शब्द मनापासूनचे होते की वेळ मारून नेण्यासाठी योजलेले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इतिहासकाराला येथे थांबावे लागते; कादंबरीकाराला मात्र येथूनच आत शिरता आले असते. पत्र सांगताना ही स्त्री कोणता शब्द टाळत होती? वर्मांच्या राणीबाबत हा प्रश्न निर्माणच होत नाही. तिचा निर्णय बिठूरलाच झालेला आहे.

गंमत अशी की, वर्मा राणीवरील नजर काढून झाशीकडे वळवितात, तेव्हा सत्तेचे घडणे त्यांना नेमके दिसते. हळदीकुंकवाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. महाराष्ट्रातून आलेल्या नेवाळकरांच्या घरचा हा सोहळा, त्यात बुंदेलखंडी स्त्रियांवर नवऱ्याचे नाव घेण्याचा आलेला प्रसंग, कोरी समाजातील झलकारीचा संकोच. उखाण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यातील थट्टा सहज कळते. पण बाहेरून आलेल्या घराण्याची सून स्थानिक स्त्रियांची संमती मिळविते ती दरबारात नव्हे, येथे, हे चटकन लक्षात येत नाही. गंगाधररावांच्या नाटकशाळेतील मोतीबाईचे हेरगिरीकडे वळणे किंवा दरोडेखोर सागरसिंहाला पकडून पदरी ठेवणे, हे प्रसंगही त्याच जातीचे आहेत. ‘स्वराज्य’ हा शब्द तेथे कमी उच्चारला जातो आणि राज्य अधिक दिसते.

महाश्वेतादेवींच्या ‘झाँसीर रानी’मध्ये (१९५६) प्रत्यक्ष त्या प्रदेशात हिंडून गोळा केलेल्या लोकस्मृतींना स्थान आहे, त्यामुळे राणीभोवतीचे वलय तेथेही असले, तरी ते कोणी निर्माण केले हे दिसत राहते. मराठीपुरते बोलावयाचे तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या कादंबरीशेजारी ठेवून वाचला पाहिजे. काल्पीकडील पराभवानंतर तहानलेली राणी भटजींना विहिरीवर भेटते आणि त्यांना पाणी काढू न देता स्वतःच ते काढून ओंजळीने पिते. ‘अस्त’ या शब्दाच्या भव्यतेत ही ओंजळ मावत नाही. अर्थात या ग्रंथावरही संपादकीय हात फिरलेला आहे. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये तो फेरफार करून छापला आणि मूळ संहितेसाठी दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. वर्मांची कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी वाचकाच्या हातीही राणीची दुरुस्त केलेलीच प्रत होती.