डबा नसताना बसायचं

वांद्रे-कुर्ला संकुलात एका काचेच्या इमारतीपुढच्या पायरीवर मी डबा उघडला आणि दोन मिनिटांत सुरक्षारक्षक आला. "मॅडम, इथे बसता येत नाही." समोर चकचकीत ग्रॅनाइट, कारंजं, छाटलेली झुडपं. बसायला काहीच नाही. त्याच्यावर तरी काय चिडायचं, तोही दिवसभर उभाच.

त्याच आठवड्यात विल्यम व्हाइटचं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' (१९८०) वाचलं. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये बिल्डरांना सवलत दिली होती: पुढे चौक मोकळा सोडा, वर जादा बांधकाम करा. चौक सुटले, पण बरेचसे ओसाड पडले. व्हाइटने कॅमेरे लावून माणसं पाहिली. निष्कर्ष हसू येईल इतका साधा: बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. जोडीला खाण्याची गाडी, झाड, आणि हलवता येणारी खुर्ची. बसण्याआधी माणूस खुर्ची उगाच थोडी सरकवतो, असं तो सांगतो. हे वाचताना मला थेट नागभीडच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या.

पुस्तक मला आवडलं, तरी दोन ठिकाणी अडले. तो उन्हाचं कौतुक करतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाने मे महिन्यात ते वाचून दाखवावं! आपल्याकडचा चौक सुधारायचा तर पहिला खर्च सावलीवर हवा, कारंजं नंतर.

दुसरी अडचण माझ्याच गावाची. व्हाइट म्हणतो, चौकात बायकांचं प्रमाण कमी दिसलं की समजावं, काहीतरी बिघडलंय. त्याची ही मोजपट्टी टपरीला लावली तर नागभीड सपशेल नापास. दहावीपर्यंत रोज तिच्यासमोरून गेले, एकदाही बसले नाही. खुर्ची हलणारी होती, पण माझ्यासाठी नव्हती.

मात्र झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की आई, काकू, आजी पांघरुणं घेऊन मंडपात पहाटेपर्यंत बसतात. बाहेर चहा-भज्यांची दुकानं, आजूबाजूला शंभर ओळखीच्या बाया. व्हाइट खूश झाला असता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे मात्र झाल्या नसत्या. त्यांचं 'व्हाय लॉयटर?' (२०११) मुंबईतल्या बायकांबद्दल आहे, आणि त्यांचा मुद्दा असा की बाईला बाहेर थांबायला दर वेळी कारण का लागावं? नाटक हे कारणच झालं. माझा डबाही.

म्हणून नुसते बाक टाकून 'चौक जिवंत केला' म्हणणाऱ्या आराखड्यांवर माझा विश्वास बसत नाही. बाक हवेतच, न्यूयॉर्कनेही १९७५ मध्ये नियम बदलून बसण्याची सोय सक्तीची केली. पण तिथून कोणाला उठवायचं, हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. ते रक्षकाला तोंडी सांगितलेलं असतं.

उद्या त्याच पायरीवर जाणार आहे. डबा ऑफिसातच ठेवून.