विश्वसनीयतावाद आणि रावीची पारख

ॲल्विन गोल्डमन यांनी १९७९ साली समर्थित धारणेची एक उपपत्ती मांडली. धारणा समर्थित ठरते ती धारकाजवळ युक्तिवाद तयार असतो म्हणून नव्हे, तर ती बहुतांशी सत्य धारणा देणाऱ्या प्रक्रियेतून उपजलेली असते म्हणून. लहान मूल आईला ओळखते; कारणे त्याला सांगता येत नाहीत, तरी त्याची धारणा समर्थितच असते. हे या उपपत्तीने सहज उलगडते आणि तेच तिचे बलस्थान होय.

तिच्यावरील दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत. लॉरेन्स बॉनजोर यांनी १९८० मध्ये नॉर्मन हे काल्पनिक पात्र उभे केले. त्याची अतींद्रिय दृष्टी अचूक आहे. पण ती असल्याचा वा नसल्याचा कोणताही पुरावा त्याच्याजवळ नाही. अशा दृष्टीवर विसंबणे विवेकाचे ठरत नाही. दुसरा आक्षेप अर्ल कॉनी व रिचर्ड फेल्डमन यांनी १९९८ मध्ये विस्ताराने मांडला. 'पाहणे', 'दुरून पाहणे', 'संधिप्रकाशात दुरून पाहणे' यांपैकी कोणत्या प्रकाराची विश्वसनीयता मोजायची?

इल्मे हदीसची परंपरा येथे उद्बोधक ठरते. मुहद्दिसांनी रावीच्या ठिकाणी अदालत (सचोटी) आणि ज़ब्त (अचूक जतन) हे गुण आवश्यक मानले. अता इब्न अस-साइब यांची स्मृती उतारवयात ढळली. म्हणून सुफियान सौरींसारख्यांनी त्याआधी ऐकलेल्या रिवायती स्वीकारल्या गेल्या. नंतर ऐकणाऱ्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगली गेली. म्हणजे 'रावीची स्मृती' हा एकच प्रकार न धरता, पुराव्याने जेथे फरक दाखवला तेथे प्रकार विभागला गेला.

यातून दुसऱ्या आक्षेपाला अंशतः उत्तर मिळते, परंतु गोल्डमन यांना त्याची किंमत मोजावी लागते. येथे विश्वसनीयता नुसती असून भागत नाही; कोणीतरी ती पारखलेली असावी लागते. पारखणारा स्वतः धारकच असावा, असे मात्र नाही. सामान्य श्रोता मुहद्दिसाच्या निर्णयावर विसंबतो. नॉर्मनची उणीव हीच, की त्याच्या दृष्टीची पारख कोणीच केलेली नाही.

तरीही पारखणाऱ्याला स्वतःच्या इंद्रियांवर व स्मृतीवर विसंबावेच लागते. तारा दिनाराएवढा दिसतो, म्हणून इमाम ग़ज़ालींनी इंद्रियांवर संशय घेतला. बुद्धीवरील विश्वास त्यांना पुन्हा लाभला तो युक्तिवादाने नव्हे, तर अल्लाहने अंतःकरणात घातलेल्या प्रकाशाने, असे ते 'अल-मुन्क़िज़'मध्ये सांगतात. तेव्हा पायाशी गोल्डमन यांचे म्हणणे टिकते. साक्षीच्या क्षेत्रात मात्र ते अपुरे पडते.